केसांचा प्रकार कोण विचारतंय?

अमेरिकेतल्या आंद्रे वॉकर नावाच्या केशरचनाकाराने १९९०च्या दशकात माणसाच्या केसांचे चार प्रकार पाडले. वॉकर ऑप्रा विन्फ्रेचे केस करायचा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. शिवाय केसांसाठीची स्वतःची उत्पादनं त्याला खपवायची होती. १९९७ साली त्याचं पुस्तक आलं. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे लाटांचे, तीन म्हणजे कुरळे, चार म्हणजे अगदी घट्ट वळ्यांचे. आणि पुढे ए, बी, सी अशी शेपटं. आज नाशिकची अकरावीतली मुलगी मैत्रिणीला "माझे टू-सी आहेत, तुझे थ्री-ए" असं सांगते, तेव्हा ती हाच तक्ता वापरत असते. तक्ता सोपा आहे, लक्षात राहतो आणि आरशासमोर उभं राहून एका मिनिटात आपला नंबर ठरवता येतो. पुढचं काम दुकानदाराचं.

या तक्त्यावर माझा राग नाही. केस वेगवेगळे असतात, त्यांची निगा वेगवेगळी लागते आणि ती कळायला काही ना काही खुणा हव्यातच. पण डोक्यावर उगवतात ते केस. प्रकार पाडतो तो विचारणारा. वैद्याला रोग्याची प्रकृती ओळखायची असते, म्हणून सुश्रुतसंहितेत कफप्रकृतीच्या माणसाचे केस पक्के, कुरळे आणि गडद काळे सांगितले आहेत आणि अकाली पिकणं, टक्कल पडणं हे पित्ताच्या खात्यावर टाकलं आहे. तिरुपतीला भक्तांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, तेव्हा प्रतवारी होते ती मुख्यतः लांबीवर, कारण विग बनवणाऱ्याला लांबी हवी असते. मुलगी बघायला आलेल्या मावशींच्या लेखी तर प्रकार दोनच: लांबसडक शेपटा आणि "जरा पातळच आहेत, नाही का?" केस तेच. प्रश्न बदलला की प्रकार बदलतात. तेव्हा आपला नंबर शोधायला निघण्याआधी हा प्रश्न मुळात कुणाचा आहे, हे बघायला हवं.

सगळ्यांत कडवट रूपात तो विचारला युरोपातल्या मानववंशशास्त्रज्ञांनी. १८२५च्या सुमारास बोरी द सँ-व्हॅन्सां या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अख्खी मानवजात सरळ केसांची आणि लोकरी केसांची अशी दोन भागांत वाटली. पुढे डार्विनचा खंदा पाठीराखा टॉमस हक्स्ली याने १८७०मध्ये माणसांच्या प्रमुख प्रकारांचा जगाचा नकाशा काढला. त्यात कातडीचा रंग आणि कवटी यांच्या जोडीला केस होतेच. दख्खनच्या अंतर्भागातल्या डोंगरी जमातींना त्याने थेट ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या गटात बसवलं. काळे, मऊ, लाटांचे केस हा त्या गटाच्या लक्षणांपैकी एक. एका बटेच्या वळणावरून हजारो मैलांची सोयरीक जुळवण्याचा हा उद्योग त्या काळी पहिल्या दर्जाचं विज्ञान समजला जायचा.

जर्मनीच्या ऑयगेन फिशरने १९०७ साली केसांचा रंग ठरवण्यासाठी एक साधन बनवलं. कृत्रिम धाग्यांचे वेगवेगळ्या छटांचे झुबके ओळीने लावलेली डबी. समोरच्या माणसाच्या डोक्याशी धरायची आणि क्रमांक लिहून घ्यायचा. पुढच्याच वर्षी फिशर आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, गेला आणि रेहोबोथ इथल्या गोऱ्या-काळ्या संमिश्र समाजाची मोजमापं घेतली. १९१३मध्ये त्यावर त्याचा ग्रंथ निघाला. वंशसंकर वाईट, हे मत त्याला मोजमापांतून सापडलं की तो ते बरोबर घेऊनच बोटीत चढला होता, हे वाचणाऱ्याला फार वेळ कोडं राहत नाही.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. हाच फिशर १९२७पासून बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचा संचालक होता आणि त्याच्याच हाताखाली इरावती कर्वे यांनी पीएच.डी. केली. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा अधिक विषम असते आणि त्याचा संबंध त्याच्या वरचढ बुद्धीशी आहे, असं निघावं ही गुरूची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. मोजपट्टी गुरूची, संस्था गुरूची, पदवी देणारा गुरू. उत्तर मात्र कवट्यांचं. 'युगान्त'च्या लेखिकेच्या धैर्याबद्दल बोलताना आपण महाभारताकडे बघतो. मला हा बर्लिनचा प्रसंग त्याहून मोठा वाटतो.

दक्षिण आफ्रिकेत मोजपट्टीचीही गरज उरली नाही. १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश कागदावर लिहिणं सक्तीचं केलं आणि शंका आली की अधिकारी पेन्सिल काढायचे. केसांत खोचायची, डोकं हलवायला सांगायचं. पेन्सिल पडली तर गोरा, अडकली तर नाही. सँड्रा लेंग ही गोऱ्या आईबापांची मुलगी. कांती सावळी आणि केस कुरळे, म्हणून तिला शाळेतून काढलं आणि १९६६मध्ये सरकारदरबारी 'कलर्ड' ठरवलं. तिचे आईवडील कागदोपत्री गोरेच राहिले. हा कायदा रद्द व्हायला १९९१ साल उजाडलं.

वॉकर स्वतः कृष्णवर्णीय आहे. त्याच्या तक्त्याला या परंपरेत नेऊन बसवणं अन्यायाचं होईल. तरीही त्याची मोजणी सरळ केसांपासून सुरू होते आणि जसजसं आफ्रिकेकडे जावं तसतसा आकडा वाढतो. चौथ्या गटातला 'सी' तर मूळ तक्त्यात नव्हताच. आपले केस कुठेच बसत नाहीत हे पाहून वापरणाऱ्यांनीच तो नंतर जोडला. तक्ता करणाऱ्याच्या नजरेत कोण मधोमध होतं आणि कोण काठावर, ते एवढ्यावरून कळतं.

मग प्रकार ही निव्वळ माणसाची कल्पना म्हणून सोडून द्यायची का? तसंही नाही. केसाचं वळण खरं आहे आणि ते टाळूच्या खाली ठरतं. केस ज्या नळीतून उगवतो ती सरळ असेल तर केस सरळ येतो. ती आकड्यासारखी वाकलेली असेल, तळाशी एका बाजूच्या पेशी दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळ्या गतीने घडत असतील, तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. वर लावलेला कुठलाही शाम्पू ही नळी सरळ करत नाही, वाकवतही नाही. या वळणाला कारणही असावं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टीना लासिसी, नीना जॅब्लॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमान मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर सरळ, कुरळ्या आणि घट्ट कुरळ्या केसांचे टोप चढवले, वरून सूर्यासारखा प्रकाश सोडला आणि टाळूपर्यंत किती उष्णता पोचते ते पाहिलं. केस कुठलेही असोत, फायदा होतोच. पण सर्वांत कमी उष्णता घट्ट कुरळ्या केसांखाली पोचली. ज्या केसांना वसाहतवाल्यांनी लोकरी म्हणून खालच्या पायरीवर बसवलं, ते विषुववृत्ताच्या उन्हात मेंदू थंड ठेवण्याचं उत्तम छप्पर निघाले.

सरळ केसांची गोष्ट तर वर्गीकरण करणाऱ्यांची आणखीच पंचाईत करते. चिनी-जपानी लोकांच्या जाड, सरळ केसांमागे ईडार नावाच्या जनुकाचा एक बदल आहे. युरोपीय लोकांच्या सरळपणाशी वेगळ्याच, ट्रायकोहायलिन या प्रथिनाच्या जनुकाचा संबंध दिसतो. म्हणजे तक्त्यात 'एक' या एकाच रकान्यात बसलेली ही दोन डोकी दोन निराळ्या वाटांनी तिथे पोचली आहेत. आकारावरून आकार कळतो, घराणं कळत नाही. लॉरेआल कंपनीच्या संशोधकांनी २००७मध्ये अनेक देशांतल्या लोकांचे केस घेऊन वळणाचा व्यास, लाटांची संख्या, पिळे हे सगळं प्रत्यक्ष मोजलं आणि आठ गट केले. वंशाचं लेबल बाजूला ठेवून केवळ भूमिती मोजायची, ही त्यातली चांगली गोष्ट. ती सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीने केली यात मला विसंगती वाटत नाही. गिऱ्हाईक नीट ओळखण्यात तिचा फायदाच आहे.

आता आपल्या डोक्यांकडे येऊ. महाराष्ट्रातली बहुतेक डोकी ना धड सरळ, ना धड कुरळी. ती मधल्या पट्ट्यात आहेत आणि तिथेच तक्ता सर्वांत गुळमुळीत होतो. त्यातही अडचण अशी की आपल्या केसांचा मूळ आकार आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. लहानपणापासून खोबरेल तेल चोपडून, कंगव्याने ताठ विंचरून, कानामागे खेचून घट्ट वेणी. रविवारी न्हाणं, मग पंच्याने खसाखसा पुसणं, अर्धवट ओले असतानाच विंचरणं आणि सोमवारी परत वेणी. वेणी सोडल्यावर लाटा दिसल्या तर त्या वेणीनेच पडल्या, असं सगळे धरून चालतात. केस कोरडे झाल्यावर विंचरले आणि फुलारले तर आई म्हणते, "तुझे केस राठ गं, माझ्या सासूबाईंवर गेलेत." माझा असा दावा आहे की आपल्याकडे राठ म्हणून हिणवले जाणारे पुष्कळसे केस मुळात लाटांचे असतात. लाटेच्या केसांच्या बटा एकत्र वाळल्या की लाट दिसते. त्याच बटा कोरड्या असताना कंगव्याने फोडल्या की प्रत्येक केस आपल्या दिशेने उठतो आणि सगळे केस पिंजारतात. मग त्यावर आणखी तेल, आणखी घट्ट वेणी. पिढ्यान्‌पिढ्या एका आकारावर उपचार चालू आहेत, जणू तो आजार आहे.

पाहायचंच असेल तर एकदा केस नीट धुवावेत, तेलाचा अंश राहू देऊ नये. वर काही लावू नये, विंचरू नये. जुन्या सुती कापडात दाबून पाणी टिपावं, चोळू नये. पंखा, ड्रायर न लावता वाळू द्यावेत. हाताने चिवडण्याचा मोह आवरणं हाच यातला अवघड भाग. मग आरसा. बहुतेक वेळा एका डोक्यावर दोन-तीन प्रकार दिसतात: मानेवरचे केस घट्ट वळणाचे, माथ्यावरचे जवळजवळ सरळ, कानशिलापाशी भलतंच काही. मग नंबर कुठला सांगायचा? माथ्यावर दिसतो तो, की मानेखाली गुंता करतो तो? सोयीचं उत्तर म्हणजे जो भाग रोज त्रास देतो, तो.

आणि वळण ही तर एकच बाजू. प्रत्येक केस किती जाड आणि डोक्यावर केस किती, या दोन गोष्टींची आपल्याकडे कायम गल्लत होते. एकच केस बोटांच्या चिमटीत धरून फिरवला आणि तो जाणवलाच नाही तर तो बारीक. दोऱ्यासारखा लागला तर जाड. दाटी वेगळी, ती भांगाच्या रुंदीवरून आणि शेपट्याच्या मुठीवरून कळते. बारीक केसांची दाटी असलेली बाई आणि जाड पण विरळ केसांची बाई, दोघींचा शेपटा सारखा दिसेल, पण दोघींना एकच तेल, एकच शाम्पू मानवेल असं नाही. बारीक केस जड लेपाने चपटे पडतात. दुकानातल्या बाटलीवर मात्र तीनच शब्द: ड्राय, ऑइली, नॉर्मल. नॉर्मल केसांचा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

केस पाणी किती पितो, हा तिसरा मुद्दा. त्यासाठी सध्या एक चाचणी फार लोकप्रिय आहे: पेल्यातल्या पाण्यात एक केस टाका, तरंगला तर एक प्रकार, बुडाला तर दुसरा. ही चाचणी आपल्या घरांत तरी निरुपयोगी आहे. केसावर खोबरेलाचा पुसटसा थर असला तरी तो तरंगणार, आणि तसा थर नसलेला केस मराठी घरात शोधून सापडायचा नाही. शिवाय कोरडा, हलका केस पाण्याच्या पृष्ठताणावरच अडून राहतो. त्यापेक्षा साध्या दोन गोष्टी बघाव्यात: न्हाताना केस पटकन भिजतात की पाणी वरून ओघळतं, आणि नंतर वाळायला त्यांना किती वेळ लागतो. रंग, ब्लीच, इस्त्री यांनी केसाच्या वरच्या खवल्यांचा थर आणि त्यावरचा नैसर्गिक स्निग्ध लेप झिजतो. असे केस पाणी झटकन घेतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. त्या टोकाने तितके उन्हाळे, तितके पावसाळे आणि भाऊ-बहिणींच्या लग्नांतले सगळे प्रयोग सोसलेले असतात. मुळाशी एक प्रकार आणि टोकाला दुसरा, हे त्यामुळे अगदी साहजिक.

खोबरेलाची बाजूही घ्यायला हवी, कारण हल्ली ते मागासलेपणाचं लक्षण समजलं जातं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन झिजण्याचं प्रमाण तिघांपैकी खोबरेलानेच कमी केलं, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा सरळ आणि लहान रेणू केसाच्या आत शिरू शकतो. कंपनी खोबरेलच विकते हे ध्यानात ठेवूनही रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. आजी बरोबर होती. फक्त तेलानंतरचा ताठ कंगवा तिने वगळायला हवा होता.

यानंतर हवा आणि पाणी. केसाच्या आत प्रथिनांच्या साखळ्यांना धरून ठेवणारे मुख्यतः दोन तऱ्हेचे बंध असतात. गंधकाचे पक्के आणि हायड्रोजनचे कच्चे. कच्चे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. म्हणून इस्त्री करून सरळ केलेले केस रत्नागिरीच्या स्टँडवर उतरल्याउतरल्या आपल्या मूळ स्वभावावर येतात आणि तेच केस मे महिन्यात संभाजीनगरला आठवडाभर सरळ राहतात. पठारावर बोअरचं पाणी असेल तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसून ते चरचरीत करतात. पुण्याच्या मध्यवस्तीतून उपनगरात राहायला गेलेल्या आणि टँकर-बोअरच्या पाण्यावर आलेल्या कित्येक जणी "माझा हेअर टाइप बदलला" म्हणून नवी उत्पादनं घेतात. बदललेलं असतं नळाचं पाणी.

एवढं सगळं बघायला कुणाला वेळ आहे, असं कुणी म्हणेल. केसच तर आहेत. मान्य, पण मग ते जसे आहेत तसे राहू तरी द्यावेत. वर्गातल्या कुरळ्या केसांच्या पोराला 'साईबाबा' आणि पोरीला 'मॅगी' म्हणून हाक मारणारा समाज "केसच तर आहेत" असं म्हणत नाही. शाळेची दोन वेण्यांची सक्तीही गृहीत धरते की सगळ्यांचे केस वेणीत निमूट बसतात. ज्या मुलीचे बसत नाहीत ती रोज सकाळी तेल, पाणी आणि पिना यांच्याशी झगडून शाळेत पोचते आणि वर 'अव्यवस्थित' हा शेरा घेते. सरळ केसांचं हे वेड आपल्या परंपरेतलं म्हणावं तर तसंही नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्री-पुरुषांच्या खांद्यांवर रुळणाऱ्या बटा बघाव्यात. चित्रकाराने त्या किती हौसेने वळवल्या आहेत!

आता लग्न ठरलं की स्मूदनिंगची वेळ ठरते. त्यात गंधकाचे पक्के बंध रसायनाने तोडून केस सरळ ताणून पुन्हा जुळवतात. टाळूखालची नळी तशीच वाकडी, म्हणून काही महिन्यांत मुळाशी जुनं वळण डोकावतं आणि पुन्हा पार्लर. अमेरिकेत सुमारे ३३ हजार स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. पण ज्या गोष्टीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच, तिच्यासाठी एवढीही जोखीम का घ्यावी?

केसांचा अर्थ चुकीचा लावल्याची याहून मोठी किंमत आपल्याकडेच मोजली गेली आहे. केस गुंतले, वेळेवर सोडवले नाहीत, आजारपणात किंवा बाळंतपणात विंचरणं राहिलं की त्यांची जट होते. वळणाच्या केसांत गुंता लवकर धरतो, इतकं साधं ते आहे. पण जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं, ती कापली तर कोप, असं मानून तिला हळद-कुंकू वाहिलं गेलं आणि कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांची समजूत काढतात आणि कात्रीने जट सोडवतात. वर्षानुवर्षांचं ओझं मानेवरून उतरतं. इथे विचारणारा देव होता, निदान देवाच्या वतीने बोलणारा माणूस.

तक्त्याच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो वजनदार आहे. नंबरांमुळे माणसांना एकमेकांची ओळख पटली. 'माझे केस वाईट आहेत' याच्या जागी 'माझे केस अमुक तऱ्हेचे आहेत' असं म्हणता आलं, त्याच तऱ्हेच्या दुसऱ्या बाईला काय मानवतं ते विचारता आलं. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अशाच आग्रहातून कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये क्राउन कायदा केला आणि केसांच्या नैसर्गिक रूपावरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करणं बेकायदा ठरवलं. पेन्सिल खोचणाऱ्या कायद्यापासून इथपर्यंतचा हा प्रवास मोठाच आहे. माझी शंका त्याच्या पुढची आहे. नंबर एकदा चिकटला की माणूस केसांकडे बघणं थांबवतो आणि नंबराकडे बघून खरेदी करतो. थ्री-एसाठीचं जेल, थ्री-एसाठीचा कंगवा, थ्री-एसाठीची उशीची खोळसुद्धा.

आणि केस एका नंबराला आयुष्यभर बांधलेले राहत नाहीत. वयात येताना सरळ केसांना वळण येतं, बाळंतपणानंतर पोत बदलतो, पाळी थांबल्यावर केस विरळ आणि कोरडे होतात. केमोथेरपीनंतर ज्यांचे केस परत उगवतात त्यांच्यापैकी अनेकांना पूर्वीच्या सरळ केसांच्या जागी कुरळे आलेले दिसतात आणि काही काळाने ते पुन्हा पहिल्यासारखेही होतात. अशा बाईने तक्त्यात आपला रकाना शोधायला घेतला तर दोन नंबर लिहावे लागतील, एक आधीचा आणि एक आत्ताचा. आणि कानशिलाजवळ नव्याने आलेले, तारेसारखे उभे राहणारे पांढरे केस बहुतेक तिसराच सांगतील.